मला आनंदाचं सांगा

श्रावणातल्या एका रविवारी नेरूळला ताईच्या घरी माझ्या भाचीचं डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, अंगावर मोगऱ्या-शेवंतीची वाडी, हातात फुलांनी मढवलेलं धनुष्य. ओटी भरून झाली, फोटो झाले. झाकलेल्या दोन वाट्या पुढे केल्या, तिने एक उघडली, बर्फी निघाली आणि 'मुलगी, मुलगी' म्हणत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जेवणं आटोपली. मग अशा दिवशी नेहमी जे होतं ते सुरू झालं.

"माझ्या वेळी तर दोन दिवस कळा येत होत्या."

"दोनच दिवस? माझ्या थोरल्याचं डोकं अडकलं होतं. डॉक्टरीणबाईंनी आशा सोडली होती."

"मला महिनाभर टाक्यांनी बसता येत नव्हतं."

पोटुशी मुलगी मधोमध बसवून तिच्याभोवती हे सगळं सांगायचं, ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. आपण काय सोसलं ते बोलायला बायकांना जागा मिळतात तरी किती? हळदीकुंकू, लोकलचा लेडीज डबा आणि दुसरीचं डोहाळजेवण. पण त्या दिवशी भाचीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चाललेला मला दिसत होता. ती ऐरोलीला आयटीत काम करते, कामात कुणाला ऐकायची नाही, आणि इथे मात्र साडीच्या निऱ्या मुठीत धरून बसली होती.

शेवटी ती म्हणाली, "पुरे आता. मला भीतीचं नको, आनंदाचं सांगा. बाळ झालं तेव्हाचं सगळ्यात आनंदाचं काय आठवतं? आणि 'बाळाचं तोंड पाहिलं' हे उत्तर चालणार नाही. ते मला माहीत आहे. दुसरं काहीतरी सांगा."

कुणी बोलेना. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. ताई उगाच वाट्या गोळा करायला उठली.

मला त्या गप्प बसण्याचं फार वाटलं. कळांची गोष्ट आमच्या प्रत्येकीकडे तयार होती, सांगून सांगून गुळगुळीत झालेली. आनंदाची गोष्ट कुणी मागितलीच नव्हती, त्यामुळे ती कुठून सुरू करायची हेच ठाऊक नव्हतं. आपली भाषाही बघा ना. बाई 'सुटते', 'मोकळी होते', तिची 'सुटका' होते. 'हातीपायी सुखरूप सुटू दे' असं आपण देवाला विनवतो. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म म्हणतो. संकटातून वाचलेल्या माणसासाठीचे हे शब्द आहेत, आणि ते उगाच आलेले नाहीत. 2001-03 या काळात देशात दर लाख जिवंत जन्मांमागे 301 आया दगावत होत्या, म्हणजे माझी लेक जन्मायच्या जेमतेम दोन वर्षं आधीपर्यंत. 2018-20 मध्ये तो आकडा 97 वर आला, महाराष्ट्रात 33 वर. माझ्या आजीने 'सुटले एकदाची' म्हटलं असेल तेव्हा ती अक्षरशः सुटलेली होती. आनंदाचं विचारायला सवड मिळालेली आमच्या घरातली पहिली मुलगी ही माझी भाची.

पहिल्यांदा आई बोलली. मला ते अपेक्षित नव्हतं. आई या विषयावर कधीच बोलत नाही.

"तुझी आई झाली तेव्हाचं सांगते," ती भाचीला म्हणाली. "त्र्याहत्तर साल. ठाण्याला चरईतल्या चाळीत दोन खोल्या आणि माणसं अकरा. माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण असून माहेर नाही. तलावपाळीजवळ एक छोटं प्रसूतिगृह होतं, तिथे नेलं. पहाटे ही झाली. मला खाटेवर आणून झोपवलं. मग तिथल्या आयाबाईने काचेच्या ग्लासातून चहा आणला, बशीत दोन बटर. मी म्हटलं, सासूबाई बाहेर बसल्यात, त्यांना द्या आधी. तर ती म्हणाली, 'आधी तू पी. बाकीचे बघतील आपापलं.'"

आई थोडं थांबली.

"लग्नाला दीड वर्ष झालं होतं. तोवर चहा मी सगळ्यांना देऊन झाल्यावर प्यायचे, उरला तर. गार झालेला. तो चहा एवढा गरम होता की जीभ भाजली. मी बटर बुडवून खाल्लं, दुसरंही खाल्लं. त्याच्याइतकं चविष्ट पुढे आयुष्यात काही खाल्लं नाही मी."

ताई हातातल्या वाट्या तशाच धरून उभी होती. "आई, पन्नास वर्षांत हे कधी बोलली नाहीस."

"कुणी विचारलं नाही गं."

ताईचा वाढदिवस आम्ही दर वर्षी केला. फुगे लावले, केक आणले, औक्षणं केली. त्या पहाटे आईला काय मिळालं होतं हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. माझ्या वडिलांना माहीत असेल असंही वाटत नाही.

आईने वाट मोकळी केल्यावर सारसोळ्याच्या आजी पुढे सरकल्या. ताईने इथे घर घेतलं तेव्हापासूनची त्यांची ओळख. पावसाळ्याआधी सुके बोंबील आणि जवळा त्यांच्याकडूनच येतो. वय ऐंशीच्या पुढे. 1970 मध्ये सिडको ही सरकारी कंपनी आली आणि नवी मुंबई या नव्या शहरासाठी 95 गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, त्याच्याही आधी आजींची पहिली दोन बाळंतपणं झालेली. तेव्हा इथे भातखाचरं, मिठागरं, खाडी आणि बंदरावरच्या होड्या. बाळंतपण घरीच. आढ्याला दोर बांधलेला, तो धरून उकिडवं बसायचं. सुईण म्हणजे त्यांची सख्खी मावशी.

"मना पाठीशी धरून बसली ती," आजी म्हणाल्या. "पोर होईस्तवर उठली नाय."

पण त्यांची आनंदाची आठवण त्याच्या पुढची होती. पोर बाहेर आल्यावर मावशीने ते स्वतः उचललं नाही. आजींना म्हणाली, तूच घे. नाळ अजून जोडलेली. मावशीने दोन बोटांनी नाळ धरून पाहिली आणि सांगितलं, अजून उडते आहे, थांबू, घाई नाही. ती उडायची थांबेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या. आजींच्या हातात पोर, मागे मावशी, आणि बाहेर भरतीचं पाणी बांधाला लागत होतं त्याचा आवाज. एवढंच. हे सांगताना आजींनी दोन्ही हातांची ओंजळ केली होती, ती त्यांनी बराच वेळ सोडली नाही.

बाळ जन्मल्यावर नाळ लगेच कापू नये, निदान एक मिनिट थांबावं, असं आता जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि पुढे काही महिने त्याला लोह पुरतं. सारसोळ्याच्या सुईणीने ते बोटांनी ओळखलेलं होतं. तरीही त्या काळाचं गुणगान मला करायचं नाही. आजींचं तिसरं मूल राहिलं नाही आणि त्यांची धाकटी जाऊ बाळंतपणातच गेली. हेही त्यांनीच सांगितलं, आवाज न बदलता.

माझ्या धाकट्या जावेचं सिझर झालं होतं. ती नेहमी या गप्पांत मागे राहते, कारण 'तुला काय कळणार, तू कुठे कळा दिल्यास' हे तिने फार ऐकलं आहे. महाराष्ट्रात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शंभरातली पंचवीस बाळं सिझरने जन्मतात. दर चौथ्या आईला आपण असं अर्धं बाळंतीण ठरवायचं का? तिने सांगितलं की कमरेखाली बधिर केलेलं, समोर हिरवा पडदा, दात थडथड वाजत होते. भूल देणाऱ्या डॉक्टर तिच्या उशाशी उभ्या राहून एकेक सांगत होत्या: आता थोडं ओढल्यासारखं वाटेल, आता डोकं आलं, आता खांदा. मग त्यांनी बाळाला आणून तिच्या गालाला गाल लावला. "हात बांधल्यासारखे होते माझे, नळ्या लावलेल्या. पण गाल मोकळा होता ना," जाऊ म्हणाली.

सगळं आवरत असलेल्या पोळ्यांच्या मावशींनाही ताईने हाताला धरून बसवलं. त्या तुर्भ्याहून येतात. त्यांचा मुलगा आता दहावीला आहे. तो सातव्या महिन्यात झाला, वजन अकराशे ग्रॅम. जन्मला त्या दिवसाबद्दल त्यांना विचारलं तर म्हणाल्या, त्या दिवशी आनंद कसला, मी त्याला पाहिलंसुद्धा नाही. त्याला पेटीत ठेवलं होतं. रोज चीक आणि दूध वाटीत काढून द्यायचं, काचेतून बघायचं आणि परत यायचं. सासरची माणसं म्हणायची, जीव लावू नकोस. अकराव्या दिवशी सिस्टरने बोलावलं, ब्लाउजची बटणं काढून आरामखुर्चीत मागे टेकून बसायला सांगितलं, आणि नळ्यांसकट तो जीव त्यांच्या उघड्या छातीवर पालथा ठेवून वरून कापडाने बांधून टाकला.

"चिमणी धरल्यासारखं वाटलं बघा. त्याचं धडधडणं वेगळं आणि माझं वेगळं, दोन्ही कळत होतं. तासाभराने सिस्टर म्हणाली, बघ, श्वास नीट झाला याचा. त्या दिवशी तो झाला. आम्ही वाढदिवस कागदावरचाच करतो, पण माझ्या मनात तो त्याच दिवशी झाला."

या पद्धतीला कांगारू मातृसेवा म्हणतात. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 मध्ये एडगर रे या डॉक्टरांनी ती सुरू केली, कारण त्यांच्या रुग्णालयात पेट्या कमी आणि अपुऱ्या दिवसांची बाळं जास्त होती. म्हणजे अडचणीतून निघालेली वाट. पुढे भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत मोठा अभ्यास झाला. कमी वजनाच्या बाळाला तब्येत स्थिरावायची वाट न बघता जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी दिलं, तर ते जगण्याची शक्यता वाढते, असं त्यात 2021 मध्ये दिसून आलं. पोळ्यांच्या मावशींना अकरा दिवस वाट पाहावी लागली. आज त्यांना थांबवून ठेवलं नसतं, असं वाटतं.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी लेक कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसली होती, तिनेही मान वर केली.

लेकीला तिची जन्मतारीख माहीत आहे, मुंबईच्या आसपासच्या कुणालाही माहीत असते तशी. 2005, 26 जुलैची रात्र उलटून 27 ची पहाट. त्या दिवशी चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या घरात ही गोष्ट नेहमी तिच्या बाबांची म्हणून सांगितली जाते. ते फोर्टच्या ऑफिसात अडकले, गाड्या बंद, फोन बंद, रात्रभर सायनजवळ एका बंद बसमध्ये बसून राहिले आणि सकाळी पाण्यातून चालत निघून दुपारी ठाण्याला पोचले. चपला हातात, पँट मांडीपर्यंत चिखलाने भरलेली. हे ऐकायला सगळ्यांना आवडतं, मलाही आवडतं. पण रात्रीची गोष्ट त्यात नसते, कारण रात्री तिथे घरचं कुणीच नव्हतं.

पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी ठाण्याला आले होते. 26 ला सकाळी पाणी गेलं, दवाखान्यात दाखल झाले. दुपारी आई म्हणाली, अजून वेळ आहे, घरी जाऊन डबा आणि दुपटी घेऊन येते. ती गेली आणि आभाळ फाटलं. रस्त्यांवर गुडघाभर पाणी, रिक्षा नाहीत, आई चरईत अडकली. सहानंतर वीज गेली. जनरेटर काही वेळ चालला आणि मग तोही बंद पडला. डॉक्टर वरच्या मजल्यावरच राहायच्या म्हणून होत्या, पण त्यांच्याकडे माझ्याखेरीज आणखी दोघी होत्या.

एक सिस्टर होती, केरळची, माझ्यापेक्षा वयाने लहानच असेल. तिची ड्यूटी रात्री आठला संपणार होती आणि बदलीवरची येणार नव्हती हे उघड होतं. मी त्या कळांमध्येही घड्याळाकडे बघत होते. ही आठला जाईल, मग मी काय करू? आठ वाजले. तिने एप्रन काढला आणि मला वाटलं, निघाली. तिने बाहेर जाऊन तोंड धुतलं, एप्रन पुन्हा घातला, मेणबत्ती खिडकीपासून लांब सरकवली आणि माझ्या खाटेशी स्टूल ओढून बसली. तिला मराठी तुटक यायचं. ती म्हणाली, "मी जात नाही."

तिने रात्रभर म्हटलेली वाक्यं मोजकी होती. 'मी जात नाही', 'श्वास सोडा', 'छान करता तुम्ही'. तिसरं वाक्य कितव्यांदा ऐकलं तेव्हा कोण जाणे, मला ते खरं वाटायला लागलं. मी छान करते आहे. माझं शरीर काहीतरी अवघड काम करत होतं आणि ते त्याला जमत होतं. माझ्या आयुष्यात मी स्वतःबद्दल इतकं चांगलं क्वचितच मानलं असेल. पहाटे तीनच्या सुमाराला लेक झाली. डॉक्टर टॉर्च तोंडात धरून टाके घालत होत्या आणि सिस्टर लेकीला माझ्या अंगावर ठेवून, वरून स्वतःचा कोरडा टॉवेल पांघरून, पुन्हा त्या स्टुलावर बसली. माझ्या आनंदाची आठवण म्हणजे ते स्टूल. ती उठून गेली नाही, एवढंच.

भाचीने डोळे पुसले, ताईने विषय बदलला आणि चहा टाकला. आईला मुद्दाम पहिला कप दिला, उकळता.

या सगळ्यात भाचीच्या आत्या, ताईच्या नणंद, काहीच बोलल्या नव्हत्या. त्या कल्याणला असतात, साठीला आलेल्या, नीटनेटक्या. त्यांची पाळी आली तेव्हा 'मला काही आठवत नाही बाई' म्हणून हसून बाजूला झाल्या. पाहुणे पांगले. वाडी उतरवायची वेळ आली. भाचीच्या केसांत गजरे, आकडे, यूपिना, तारेने गुंफलेली फुलं. आत्या तिच्यामागे पलंगावर बसल्या आणि एकेक पिन हलकेच काढायला लागल्या. मी फुलं परातीत गोळा करत होते. आणि केसांकडेच बघत त्या बोलल्या.

"माझ्या पहिल्या वेळी मी ओरडले. फार ओरडले. तिथली एक बाई म्हणाली, 'तेव्हा नाही ओरडलीस?' बाकीच्या हसल्या. मी एकवीस वर्षांची होते."

कुठल्या दवाखान्यात ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. असं ऐकलेल्या बायका मला इतक्या भेटल्या आहेत की एका जागेचं नाव घेण्यात अर्थ नाही.

"अडतीस वर्षं झाली. तिचा आवाज जसाच्या तसा आहे कानात. कळा आठवत नाहीत, तेवढं आठवतं." त्यांनी एक लांब केस पिनेतून सोडवला. "पण तू आनंदाचं विचारलंस ना. एक आहे. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवर एक बाई होती. तिचं तिसरं. तिने माझ्याकडे पाहिलं, उठून आली आणि म्हणाली, केस किती विस्कटलेत तुझे, बस इकडे. तिच्याच कंगव्याने तिने माझे केस विंचरले, तेल नव्हतं तर पाण्याचा हात लावला, आणि घट्ट वेणी घातली. मी रडले तेव्हा. ती काही बोलली नाही. तिचं नावसुद्धा विचारायचं राहिलं."

शेवटची पिन निघाली. आत्यांनी पर्समधून कंगवा काढला आणि भाचीचे केस विंचरायला घेतले.

पुढचे काही दिवस हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी वाचत बसले. अमेरिकेतल्या पेनी सिमकिन या बाळंतपणाची तयारी करून घेणाऱ्या शिक्षिकेने 1991 मध्ये एक छोटासा अभ्यास प्रसिद्ध केला. वीसच बायका. त्यांनी आपल्या पहिल्या बाळंतपणानंतर लगेच लिहिलेले अनुभव तिच्याकडे होते. पंधरा-वीस वर्षांनी तिने त्यांना पुन्हा लिहायला सांगितलं आणि दोन्ही ताडून पाहिले. आठवणी बऱ्याचशा जशाच्या तशा होत्या. डॉक्टर काय म्हणाल्या, नर्सने काय केलं, हे तर लख्ख. आणि ज्या समाधानी होत्या त्यांना आपण काहीतरी मोठं करून दाखवलं, आपल्या हाती काही होतं, असं वाटत होतं. स्वीडनमध्ये पाच वर्षं बायकांच्या आठवणींचा पाठपुरावा केला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली: वेणांची आठवण काळाबरोबर बऱ्याच जणींची पुसट होत जाते, पण एकूण अनुभवच वाईट असेल तर होत नाही. आत्यांना कळा आठवत नाहीत, वाक्य आठवतं. मला त्यांचं बोलणं कुठल्याही अभ्यासापेक्षा जास्त पटतं, तरी हे वाचून बरं वाटलं, कारण उद्या कुणी 'एवढं काय मनावर घ्यायचं' म्हणालं तर मला उत्तर देता येईल.

कल्याणवरून डॉक्टर आनंदीबाई जोशी आठवल्या. 1865 मध्ये जन्मलेल्या, कल्याणच्या. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. फिलाडेल्फियाला जाऊन त्या 1886 मध्ये डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांनी प्रबंधासाठी विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचा, आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांतला. पुढच्याच वर्षी, बावीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत, त्या पुण्यात वारल्या. शाळेत आम्ही त्यांना 'पहिल्या' म्हणून पाठ केलं. समुद्र ओलांडून गेलेल्या त्या मुलीच्या आठवणीत ते दहा दिवस होते, हे मला या वयात पहिल्यांदा जाणवलं.

प्रसूतीच्या वेळी बाईला हवं ते माणूस तिच्याजवळ असू द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना आग्रहाने सांगते. आपल्याकडे 2017 च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांच्या प्रसूतिकक्षांसाठी सन्मानाने वागवणं आणि सोबतीण असू देणं हे लिहून दिलेलं आहे. कागदावर आहे. प्रत्यक्षात किती ठिकाणी दार उघडतं, ते ज्या त्या बाईच्या नशिबावर. सटवाई सहाव्या दिवशी येऊन बाळाच्या कपाळी लिहिते म्हणतात. बाळंतिणीच्या कपाळी त्याआधीच कुणीतरी लिहून गेलेलं असतं, एका वाक्यात. भाचीने मात्र परवा फोनवर सांगितलं की तिने दवाखाना बदलला. आधीच्या ठिकाणी नवऱ्याला आत येऊ देत नव्हते, आईलाही नाही. ताई कुरकुरत होती, सातव्या महिन्यात कुठे डॉक्टर बदलतात म्हणून. आईने तिला गप्प केलं.

त्या रविवारी संध्याकाळी मी आणि लेक नेरूळहून ठाण्याची गाडी पकडून परत निघालो. खिडकीची जागा मिळाली होती. कोपरखैरणे गेलं, घणसोली गेलं, पावसाने काचेवर ओघळ येत होते. लेक वीस वर्षांची आहे, माझ्याशी हल्ली मोजकं बोलते. रबाळ्याला तिने कानातला इयरफोन काढला.

"त्या सिस्टरचं नाव काय होतं?"

"सिस्टरच म्हणत होते सगळे. डिस्चार्जच्या दिवशी ती रजेवर होती."

"मग तू तिला थँक्यू पण नाही म्हटलंस?"

"नाही गं."

ऐरोली आलं. बरीच माणसं चढली. गाडी हलल्यावर तिने पुन्हा विचारलं, "आणि मला पहिल्यांदा काय म्हणालीस? मला अंगावर ठेवलं तेव्हा?"

हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. भाचीने विचारलं तेव्हाही आठवलं नव्हतं. त्या रात्री दवाखान्यातली सगळी माणसं कुणा ना कुणाची वाट बघत होती. डॉक्टरांचा मुलगा शाळेतून आला नव्हता, आयाबाईचा नवरा कुर्ल्याला होता, माझा नवरा कुठे होता ते देवाला ठाऊक. जिन्यात पाऊल वाजलं की सगळ्या दाराकडे बघायच्या आणि कुणी ओळखीचं दिसलं की एकच वाक्य ऐकू यायचं. मेणबत्तीच्या उजेडात ही माझ्या छातीवर आली, ओली, केस डोक्याला चिकटलेले, थंडीने मुठी आवळलेल्या, भर पावसातून लांबवरून चालत आल्यासारखी.

"'आलीस का' म्हणाले," मी म्हटलं.